जतन आणि ये-जा : काही भुयारी रेल्वेंच्या निमित्ताने

एखादी गोष्ट जतन केली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय झालेले असते? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. हस्तलिखित, पाठचिकित्सा, आवृत्ती, ग्रंथालय या सगळ्या जतनाच्याच व्यवस्था आहेत आणि त्यांच्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न काहीशा अनपेक्षित ठिकाणी नेऊन पाहणार आहोत. ते ठिकाण म्हणजे वापरातून गेलेल्या आणि मग जतन केल्या गेलेल्या भुयारी रेल्वे. या रेल्वेंचा इतिहास वाचताना एक साधी व्यावहारिक अडचण पुन्हापुन्हा समोर येते : गाडी आत न्यायची कशी आणि बाहेर काढायची कशी? ही अडचण प्रथमदर्शनी अभियंत्यांची वाटते. पण तिचे जे उत्तर निवडले जाते, त्यावरच काय टिकणार आणि कोणासाठी टिकणार हे ठरते, असे आमच्या लक्षात आले. त्या लक्षात येण्याची ही मांडणी.

जमिनीवरची जुनी रेल्वे जतन करणे खर्चाचे आणि कष्टाचे असते, तरी ते कसे होते याची कल्पना सहज करता येते. रूळ उघड्यावर असतात. जुने इंजिन मोठ्या ट्रेलरवर घालून आणता येते, रुळांवर ठेवता येते, दुरुस्तीसाठी पुन्हा उचलून नेता येते. भुयारी रेल्वेला ही मोकळीक नाही. तिथे प्रत्येक डब्याला, प्रत्येक रुळाला आणि प्रत्येक माणसाला कुठल्या ना कुठल्या तोंडातून आत शिरावे लागते. या तोंडाला लांबी, रुंदी आणि उंची असते. त्यात जे मावत नाही, ते आत जात नाही. आत असेल तर बाहेर येत नाही.

१

याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या टपाल रेल्वेचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रस्त्यांवर इतकी गर्दी आणि हिवाळ्यात इतके धुके असे, की स्थानकांवर आलेले टपाल शहरातल्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचवण्यातच बहुमोल वेळ जाई. यावर उपाय म्हणून केवळ टपालासाठी भुयारी विद्युत रेल्वे बांधण्याचा कायदा १९१३ मध्ये झाला. पश्चिमेला पॅडिंग्टनपासून पूर्वेला व्हाइटचॅपलपर्यंत सुमारे साडेसहा मैल, म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर लांबीची आणि आठ स्थानकांची ही वाट. बोगदा सुमारे सत्तर फूट खोल. त्याचा व्यास नऊ फूट, त्यात शेजारी शेजारी दोन मार्ग. स्थानकाजवळ त्याचे सात-सात फुटांचे दोन बोगदे होत. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. गाडीत चालक नाही, प्रवासी नाही. फक्त पत्रांच्या थैल्या.

बोगदे १९१७ पर्यंत खोदून झाले. पण महायुद्धाच्या काळात विद्युतसामग्रीवर खर्च करणे शक्य नव्हते, म्हणून रिकामे बोगदे तसेच राहिले. ते मात्र फार काळ रिकामे राहिले नाहीत. लंडनवर बाँबहल्ल्यांचे भय वाढले, तेव्हा संग्रहालयांनी आपल्या मौल्यवान वस्तू या बोगद्यांत हलवल्या. ब्रिटिश म्युझियममधली रोझेटा शिळा १९१७ पासून दोन वर्षे होबर्नजवळ या टपाल रेल्वेच्या एका स्थानकात, जमिनीखाली पन्नास फुटांवर होती. इजिप्तची चित्रलिपी जिच्या आधाराने उलगडली, ती शिळा अशा भुयारात होती, जिथून अद्याप एकही पत्र गेले नव्हते. या रेल्वेने रेल्वे होण्याआधी काही काळ संग्रहालयाचे काम केले, असे म्हणायला हरकत नाही. तिच्या पुढच्या इतिहासाकडे पाहता हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

डिसेंबर १९२७ मध्ये वाहतूक सुरू झाली. पहिले डबे आखूड आणि चार चाकांचे होते. ते रुळांची फार झीज करीत आणि रुळांवरून घसरतही. म्हणून १९३० पासून त्यांच्या जागी वेगळ्या बांधणीच्या, अधिक लांब गाड्या आल्या. स्थानके मुख्य बोगद्यापेक्षा थोडी वर ठेवलेली होती. येणारी गाडी चढावर आपोआप मंदावे आणि जाणारी गाडी उतारावर आपोआप वेग घेई. चालक नसलेल्या गाडीसाठी ही योजना किती समर्पक होती, हे सांगायला नको. भरभराटीच्या काळात रोज सुमारे चाळीस लक्ष पत्रे या वाटेने जात.

आता येण्याजाण्याचा विचार करू. पत्रांना आत येण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. वरच्या टपाल कचेऱ्यांतून घसरणी, सरकते पट्टे आणि उद्वाहने थेट फलाटापर्यंत येत. पत्र वरून खाली येई, काही मिनिटांत शहराच्या दुसऱ्या भागात पुन्हा वर जाई. ही रेल्वे शहराशी जोडलेली होती ती पत्रांच्या बाजूने. गाड्यांच्या बाजूने ती जगापासून पूर्ण तुटलेली होती. तिचे रूळ दुसऱ्या कोणत्याही रेल्वेला मिळत नव्हते, आणि दोन फुटांच्या अंतरामुळे मिळूही शकत नव्हते. गाड्यांची निगा राखण्यासाठी माउंट प्लेझंट येथे भुयारातच कारशेड होती. गाडी तिथे दुरुस्त होई आणि तिथूनच पुन्हा कामाला लागे. थोडक्यात, ही रेल्वे अशा गृहीतकावर बांधलेली होती, की एकदा आत गेलेली गाडी पुन्हा बाहेर यायची गरज नाही.

२

हे गृहीतक केवळ टपाल रेल्वेचे नव्हते. ग्लासगो शहराची वर्तुळाकार भुयारी रेल्वे १८९६ मध्ये सुरू झाली. आरंभी ती अखंड फिरणाऱ्या लोखंडी दोराने ओढली जाई. १९३५ मध्ये तिला वीज मिळाली. दोन मार्ग, एकात एक असलेली दोन वर्तुळे, रुळांमधले अंतर चार फूट. या वर्तुळांना कोणताही फाटा नव्हता. डब्याची दुरुस्ती करायची असेल, तर गोव्हन येथे रुळांवर उघडणाऱ्या खड्ड्याशी तो उभा करायचा, क्रेनने उचलून वरच्या कारखान्यात घ्यायचा आणि काम झाल्यावर तसाच खाली सोडायचा. एक डबा, एक उचल. ऐंशी वर्षे ही रीत चालली. १९७७ मध्ये रेल्वे बंद करून तिचे संपूर्ण नूतनीकरण झाले, १९८० मध्ये ती पुन्हा प्रवाशांसाठी खुली झाली, तेव्हा कुठे कारखान्याकडे चढत जाणारा मार्ग बांधला गेला आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उजेडात येऊ लागली.

लंडनमध्येच १८९८ मध्ये सुरू झालेल्या वॉटर्लू अँड सिटी या छोट्या भुयारी मार्गाची कथा अशीच आहे. हा मार्ग आजही चालतो. पण तो जमिनीवरच्या कोणत्याही मार्गाला जोडलेला नाही. तिथला डबा मोठ्या दुरुस्तीसाठी बाहेर काढायचा तर तो क्रेनने उचलून रस्त्यावर आणावा लागतो. हजारो माणसे त्या मार्गाने आत-बाहेर करतात आणि गाड्या मात्र वर्षानुवर्षे खालीच राहतात.

या दोन्ही उदाहरणांत रेल्वे जिवंत होती, म्हणून अडचण सोसली गेली. क्रेनचा खर्च हा दैनंदिन उत्पन्नातून भागणारा खर्च होता. रेल्वे बंद पडली की हे गणित एका रात्रीत बदलते. आत असलेल्या गाड्यांना बाहेर काढण्यासाठी कोणी पैसे देत नाही, आणि बाहेरून काही आत आणण्याचे कारणही उरत नाही. ग्लासगोचे काही जुने डबे आज तिथल्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये पाहता येतात. नूतनीकरणाआधीच्या त्या रेल्वेला एक विशिष्ट कुबट, मातकट वास येई आणि ग्लासगोकर अजूनही त्या वासाची आठवण काढतात. डबा क्रेनने उचलता आला. भुयाराची ती हवा काही त्याच्याबरोबर आली नसणार.

३

लंडनची टपाल रेल्वे ३१ मे २००३ रोजी बंद झाली. रस्त्याने टपाल नेणे स्वस्त पडते, हे कारण देण्यात आले. ज्या कचेऱ्यांसाठी ती बांधली होती, त्यांतल्या काही त्याआधीच बंद झाल्या होत्या किंवा दुसरीकडे गेल्या होत्या. थैली घसरणीवर टाकणारा हात नाहीसा झाला, तशी खालच्या गाडीला जायला जागा उरली नाही. पत्रांची ये-जा थांबली आणि गाड्या होत्या तिथे उभ्या राहिल्या. काही फलाटांशी, काही आडमार्गांवर, काही कारशेडमध्ये. पुढची काही वर्षे मोजके अभियंते बोगद्यांची देखभाल करीत राहिले. भुयार सोडून देता येत नाही, हे इथे सांगायला हवे. जमिनीखालच्या पोकळीवर शहर उभे असते. तिची पाहणी करावी लागते, पाणी शिरले तर उपसावे लागते. जमिनीवरची ओसाड रेल्वे गवताखाली जाते आणि विस्मृतीतही. भुयाराला विस्मृतीत जाण्याची परवानगी नसते.

टपाल संग्रहालयाने ही रेल्वे लोकांना दाखवायचे ठरवले तेव्हा दोन मार्ग संभवत होते. पहिला असा, की जुन्या गाड्या आहेत तशा ठेवायच्या आणि लोकांनी त्या चालत जाऊन पाहायच्या. दुसरा असा, की लोकांनी या भुयारातून प्रवास करायचा. दुसरा मार्ग घेतला गेला, आणि त्याबरोबर जुनी अडचण नव्याने उभी राहिली. जुन्या गाड्यांत माणसांना बसायची सोयच नव्हती. त्या थैल्यांच्या मापाने बनवलेल्या होत्या. तेव्हा नव्या गाड्या बनवणे भाग होते. पण त्या सात फुटांच्या बोगद्यात मावल्या पाहिजेत, दोन फुटांच्या रुळांवर चालल्या पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे माउंट प्लेझंटच्या तोंडातून खाली उतरल्या पाहिजेत. २०१७ मध्ये नव्या गाड्या क्रेनने खाली उतरवण्यात आल्या. शंभर वर्षांपूर्वी या भुयाराच्या आणखी एका तोंडातून रोझेटा शिळा खाली गेली होती, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले असेल की नाही, ठाऊक नाही. आमच्या मनात मात्र ते येते.

या गाड्या बॅटरीवर चालतात, कारण ज्या रुळातून पूर्वी वीज येई तो आता वापरात नाही. त्यांना पारदर्शक छत आहे, आणि प्रवाशांना अंग चोरूनच बसावे लागते. सुमारे एक किलोमीटरची फेरी पंधरा मिनिटांत पुरी होते. वाटेत गाडी जुन्या फलाटांशी थांबते आणि भिंतींवर चित्रफिती दिसतात. निवेदनाचा काही भाग याच रेल्वेवर काम केलेल्या अभियंत्याच्या आवाजात आहे. बोगद्यातल्या एका आडमार्गावर जुन्या गाड्या रांगेने उभ्या आहेत. नवी गाडी त्यांच्याजवळून जाते आणि प्रवासी त्यांना पाहतात.

इथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो आम्हाला हलका वाटत नाही. हे जतन म्हणायचे का? मूळ गाडी उभी आहे आणि चालते ती नवीनच गाडी आहे. मूळ काम पत्रांचे होते, आताचे काम पाहुण्यांचे आहे. साडेदहा किलोमीटरपैकी एक किलोमीटर दिसतो, उरलेला अंधारातच आहे. मूळ संहिता बाजूला ठेवून तिच्यावर आधारलेला रंगतदार प्रयोग दाखवावा, तसा हा प्रकार नाही का?

आक्षेप खरा आहे; पण तो घेणाऱ्याने पर्याय काय होता याचाही विचार केला पाहिजे. गाड्या, रूळ आणि फलाट जसेच्या तसे ठेवून तोंड बंद केले असते, तर मूळ वस्तू अधिक अखंड राहिली असती आणि तिचे अस्तित्व अहवालांपुरते उरले असते. वर सांगितलेली देखभाल तरीही करावीच लागली असती, पण ती कोणासाठी, याचे उत्तर कोणाजवळ नसते. माणसांना आत आणण्यासाठी गाडी बदलली, हा व्यवहार झाला. तो उघडपणे झाला, आणि ज्या जुन्या गाड्यांच्या बदल्यात तो झाला, त्या वाटेतच उभ्या करून दाखवल्या जातात. भाषांतरकाराने मूळ संहिता समोरच्या पानावर छापावी, त्यातला हा प्रामाणिकपणा आहे.

४

याच्या अगदी उलट स्थिती लंडनच्याच ऑल्डविच स्थानकाची आहे. होबर्नपासून निघणाऱ्या छोट्या फाट्याचे हे शेवटचे स्थानक १९०७ मध्ये उघडले. दुसऱ्या महायुद्धात या फाट्यावरची वाहतूक थांबवून तिथे लंडनकरांना बाँबहल्ल्यांपासून आश्रय देण्यात आला, आणि ब्रिटिश म्युझियममधल्या वस्तूही तिथे हलवल्या गेल्या. युद्धानंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पण प्रवासी नेहमीच थोडे. १९९४ मध्ये स्थानक बंद झाले ते गाड्यांमुळे नव्हे. १९०७ ची उद्वाहने बदलणे आवश्यक झाले होते, त्याला सुमारे तीस लक्ष पौंड लागणार होते, आणि रोजचे प्रवासी होते साडेचारशेच्या आसपास. गाडीची वाट धड होती. माणसांची वाट परवडेना.

ती गाडीची वाट आजही शाबूत आहे. ऑल्डविचचा फाटा होबर्नपाशी चालू मार्गाला जोडलेला आहे आणि तिथे एक जुनी गाडी चित्रीकरणासाठी ठेवलेली असते. गाडी आत-बाहेर करू शकते, म्हणून हे स्थानक चित्रपटांच्या हवाली झाले. इयन मॅकइवन यांच्या ‘अटोन्मेंट’ या कादंबरीवरचा चित्रपट २००७ मध्ये आला. त्यातला बॅल्हम स्थानकाचा, १९४० च्या बाँबहल्ल्याचा प्रसंग इथे चित्रित झाला. बॅल्हम हे चालते स्थानक आहे. तिथे रोजची गर्दी थांबवून १९४० सालात जाणे अवघड. जे स्थानक स्वतः युद्धकाळात आश्रयस्थान होते, ते बंद असल्यामुळे दुसऱ्या स्थानकाच्या आठवणीसाठी उपलब्ध झाले. कादंबरीच्या अभ्यासकाला यात रस वाटावा, कारण त्या कादंबरीचा गाभाच मुळी घडलेले आणि सांगितलेले यांच्यातल्या अंतराचा आहे. माणसांना आता या स्थानकात प्रवेश आहे तो ठरावीक दिवशी, मोजक्या गटांना, पायऱ्या उतरून.

टपाल रेल्वेत माणसे जाऊ शकतात आणि मूळ गाड्या हलू शकत नाहीत. ऑल्डविचमध्ये गाडी हलू शकते आणि माणसांची वाट आखडलेली आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या असलेले आम्हाला माहीत असलेले उत्तम उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ब्रुकलिनमधले कोर्ट स्ट्रीट स्थानक १९३६ मध्ये उघडले आणि प्रवाशांअभावी १९४६ मध्ये बंद झाले. पुढे तेही चित्रीकरणासाठी वापरले गेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, ४ जुलै १९७६ रोजी, तिथे जुन्या डब्यांचे प्रदर्शन भरले. प्रवेशमूल्य भुयारी रेल्वेचे एक टोकन. हे प्रदर्शन तात्पुरते असणार होते. ते आजचे न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम झाले.

इथे येणारा माणूस रस्त्यावरून स्थानकाच्याच जुन्या जिन्याने उतरतो. खालच्या फलाटाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दशकांतले डबे उभे असतात. आणि या डब्यांखालचे रूळ शहराच्या चालत्या रेल्वेला जोडलेले आहेत. वर्षातल्या काही दिवशी जुनी गाडी संग्रहालयातून निघते, शेजारच्या स्थानकामार्गे मुख्य मार्गाला लागते आणि रोजच्या प्रवाशांच्या फलाटांवर जाऊन उभी राहते. संध्याकाळी ती परत आपल्या जागी येते. क्रेन नाही, ट्रेलर नाही. डबा संग्रहातली वस्तू आहे आणि वाहनही आहे, आणि एका भूमिकेतून दुसरीत जाण्यासाठी त्याला फक्त काही शे मीटर सरकावे लागते.

अर्थात याचीही किंमत आहे. चालणारी गाडी झिजते. ब्रेक बदलावे लागतात, तारा बदलाव्या लागतात, आजच्या सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात. जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे, लंडनची मेट्रोपॉलिटन, जानेवारी १८६३ मध्ये सुरू झाली. तिला दीडशे वर्षे झाली तेव्हा, जानेवारी २०१३ मध्ये, १८९८ साली बांधलेले वाफेचे इंजिन पुन्हा त्या भुयारांतून धावले. त्याआधी त्याची मोठी दुरुस्ती झाली, चाचण्या झाल्या, आणि मगच धुराला त्या बोगद्यांत पुन्हा प्रवेश मिळाला. लोकांनी पाहिले ते इंजिन १८९८ चे होते, आणि त्याच वेळी नुकतेच दुरुस्त झालेलेही होते. प्रत्येक फेरी मूळ वस्तूचा थोडा भाग खर्च करते. तरीही त्या दिवशी स्थानकांवर उभ्या असलेल्यांना धुराचा वास आला. ग्लासगोच्या डब्याबाबत जे झाले नाही, ते इथे एका दिवसापुरते झाले.

५

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. रोझेटा शिळा दोन वर्षे भुयारात सुरक्षित होती. पण त्या काळात ती कोणी वाचू शकत नव्हते. तिचे महत्त्व तिच्यावर वाचलेल्या अक्षरांत होते आणि ते वाचन आधीच बाहेर, ठशांमधून आणि पुस्तकांतून, फिरत होते. आपल्याकडे महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. जतन म्हणून ते विलक्षण यशस्वी झाले. ग्रंथ शतकानुशतके पंथाच्या मठांत टिकले. पण आत जाण्याचे तोंड इतके अरुंद होते, की बाहेरच्या मराठी वाचकाच्या वाङ्मयेतिहासात ‘लीळाचरित्रा’ला जागाच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांतून लिपीचा उलगडा बाहेर आला आणि मराठी गद्याच्या आरंभाविषयीची आपली समजूतच बदलली. ग्रंथ तेच होते. त्यांची ये-जा सुरू झाली. ती सुरू होताना पाठभेदांचे, प्रक्षेपांचे आणि पंथाच्या दृष्टीने अधिकाराचे प्रश्नही आले. मठात ते प्रश्न बाहेरच्यांसाठी नव्हतेच.

यावरून आम्हाला असे वाटते, की जतनाविषयी बोलताना आपण वस्तूच्या अखंडतेवर अधिक भर देतो आणि तिच्या दाराविषयी कमी बोलतो. कोणती प्रत मूळ, कोणता पाठ शुद्ध, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण त्यांच्या जोडीने हेही विचारले पाहिजे, की या वस्तूपर्यंत कोण पोहोचू शकते, तिच्यापैकी काय बाहेर येऊ शकते, आणि बाहेर आलेले पुन्हा आत ठेवता येते का. वर्गात आपण एखादा जुना ग्रंथ निवडक उताऱ्यांच्या रूपाने शिकवतो, तेव्हा आपण टपाल रेल्वेची नवी गाडी चालवत असतो : साडेदहा किलोमीटरपैकी एक किलोमीटर, माणसांना बसता येईल अशा बेताने. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र आडमार्गावर उभी असलेली मूळ गाडी विद्यार्थ्याला दिसेल, इतका दिवा तरी वाटेत लावला पाहिजे. आणि संग्रहातला ग्रंथ न्यूयॉर्कच्या डब्याप्रमाणे कधीमधी रोजच्या फलाटावर जाऊन उभा राहिला, चार जणांनी तो हाताळला, त्याची थोडी झीज झाली, तर तिला नुकसान म्हणायचे की वापर, हे आपण ठरवायचे आहे. आमचे मत वापराच्या बाजूने आहे.

लंडनच्या त्या भुयारात जवळजवळ साडेनऊ किलोमीटर बोगदा आजही पाहुण्यांच्या फेरीबाहेर आहे. वर रस्ते आहेत, घरे आहेत, कचेऱ्या आहेत. खालच्या रिकाम्या नळीकडे कोणाला तरी अधूनमधून जाऊन पाहावेच लागते. तिथे आता कोणतीही गाडी जात नाही. ती एक किलोमीटरची फेरी बोगद्यात सुरू आहे, तोवर उरलेल्या वाटेविषयी निदान कोणीतरी विचारील, की ही पुढे कुठे जाते.